अनोळखी म्हणून कुणी येतच नाही

२००७ च्या सुरुवातीला दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडजवळच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या कार्ली रायनचा पंधरावा वाढदिवस झाला. त्यासाठी मेलबर्नहून एक पाहुणा आला होता. कार्लीचा इंटरनेटवरचा एक मित्र होता, ब्रँडन केन नावाचा. पाहुणा म्हणजे त्या ब्रँडनचे वडील. ब्रँडन स्वतः आला नव्हता. कार्लीची आई सोन्या रायन हिने पाहुण्याचं आगतस्वागत केलं. आपली लेक ज्या मुलावर जीव टाकते त्याचे वडील उघडपणे घरी आलेत, समोरासमोर बोलतायत, याचा तिला थोडा दिलासाच वाटला असेल. कुठल्याही आईला वाटला असता.

पण तो माणूस घरात वावरू लागला तसं सोन्याला काहीतरी खटकू लागलं. बापाच्या वयाचा माणूस पंधरा वर्षांच्या मुलीशी असा वागत नाही. तिने त्याला स्वच्छ शब्दांत सांगितलं, माझ्या मुलीपासून लांब राहा. आईने जे करायला हवं ते तिने केलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० फेब्रुवारीच्या सकाळी, पोर्ट एलियटच्या हॉर्सशू बे किनाऱ्यावर कार्लीचा मृतदेह सापडला.

ब्रँडन केन नावाचा मुलगा मुळात नव्हताच. टेक्सासमध्ये जन्मलेला, मेलबर्नला राहणारा, गिटार वाजवणारा हा कोवळा प्रियकर त्या पन्नाशीच्या आसपासच्या ‘वडिलांनीच’ रचला होता. कार्लीशी जवळजवळ दीड वर्ष तोच बोलत होता. त्याच्याकडे असे सुमारे दोनशे खोटे अवतार असल्याचं पुढे उघडकीला आलं. खुनानंतर अकरा दिवसांनी पोलीस त्याच्या घरी पोचले तेव्हा तो संगणकापुढे बसला होता. ब्रँडनच्याच नावाने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका १४ वर्षांच्या मुलीशी त्याचं बोलणं चालू होतं.

इंटरनेट आल्यापासून मुलांना आपण एकच गोष्ट बजावत आलो: अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. शाळेतल्या व्याख्यानांत, पोलिसांच्या पत्रकांत, घरातल्या दटावणीत हेच वाक्य. कार्लीच्या बाबतीत ते कुठे लागू करायचं? दीड वर्ष जो रोज विचारपूस करतो, शाळेतली भांडणं ऐकून घेतो, आवडती गाणी लक्षात ठेवतो, ज्याचे वडील वाढदिवसाला घरी येऊन जातात, तो कुठल्या मुलीला अनोळखी वाटेल? माझं म्हणणं असं, की या धोक्याला आपण सुरुवातीपासून चुकीच्या दाराशी शोधत राहिलो. घातपात होतो तो ओळख झाल्यानंतर, आणि बऱ्याचदा त्या ओळखीविषयी घरात तोंड उघडायची सोय नसते म्हणून.

ही गोष्ट कार्लीच्या जन्माच्याही आधी सुरू होते. अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह नावाच्या सेवेने १९८० मध्ये ‘सीबी सिम्युलेटर’ सुरू केला. घरच्या संगणकावरून टेलिफोनच्या तारेने जोडलं जायचं आणि टाईप करून अनेकांशी एकाच वेळी गप्पा मारायच्या. फोटो नाही, आवाज नाही, फक्त अक्षरं. तिथे जोन नावाची एक बाई भेटायची. मेंदूविकारांची अभ्यासक, न्यूयॉर्कला राहणारी. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरमुळे झालेल्या अपघातात तिची वाचा गेली होती, चेहरा विद्रूप झाला होता, ती चाकाच्या खुर्चीला खिळली होती. तरीही ती दुसऱ्यांना धीर द्यायची, रात्ररात्र ऐकत बसायची. अनेक बायकांनी आपल्या संसारातली, शरीराची, मनाची गुपितं तिच्यापाशी उघडी केली. जोन प्रत्यक्षात न्यूयॉर्कमधला एक पुरुष मानसोपचारतज्ज्ञ होता. जोनच्या तोंडून तो स्वतःचीच शिफारस करायचा, आणि अशा ओळखीतून एका बाईशी त्याचे प्रत्यक्ष संबंधही जुळले. लिंडसी व्हॅन गेल्डर या पत्रकार बाईंनी १९८५ मध्ये ‘मिस’ मासिकात हे सगळं लिहिलं. खरं कळल्यावर त्या बायकांना जो धक्का बसला, तो लेखात स्पष्ट दिसतो. त्यातल्या काही संतापल्या, आणि काहींना जोन गेल्याचं दुःख झालं. जी कधी नव्हतीच, तिच्या जाण्याचं दुःख.

या जुन्या प्रकरणात खून नाही, मारहाण नाही, म्हणून पुढच्या काळात ते विसरलं गेलं. पण पुढचं सगळं त्यात होतं. ऐकून घेणारं कुणीतरी, स्वतःचं खोटं दुखणं पुढे करून मिळवलेला विश्वास, आणि मग त्या विश्वासाचा वापर.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने सेवा सुरू केली तेव्हा. घरोघरी ते यायला पुढे बरीच वर्षं गेली. मधल्या काळात सायबर कॅफे होते. पुण्या-मुंबईत आधी आणि मग नाशिक, कोल्हापूर, सांगलीत, पुढे तालुक्याच्या गावांतही. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवेल: झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर किंवा एखाद्या गाळ्यात प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेल्या केबिन, प्रत्येकीला दाराऐवजी पडदा, अक्षरं पुसली गेलेला कीबोर्ड, काउंटरवर शाळेची दोनशे पानी वही आणि तिच्यात नाव, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ. वहीतलं नाव खरं की खोटं कुणी तपासत नसे. तासाचे पैसे भरायचे, याहूची चॅट रूम उघडायची, की पलीकडून पहिला प्रश्न यायचा: एएसएल? वय, लिंग, ठिकाण. मुलीचं नाव घेऊन कुणी आत शिरलं की क्षणात पडदाभर खिडक्या उघडायच्या.

या जगाचा नुसता धिक्कार करायला मी तयार नाही. वाड्यात, चाळीत, बंगल्यात, जिथे पोरगी कुणाशी किती वेळ बोलली याचा हिशेब दहा डोळे ठेवतात, तिथल्या मुलीला पहिल्यांदा एक जागा मिळाली जिथे तिला कुणी बघत नव्हतं. परभणीच्या मुलाला टोरांटोच्या मुलाशी क्रिकेटवर वाद घालता आला. घरात कुणाला सांगता येणार नाही असं काही ज्याच्या मनात होतं, त्याला आपल्यासारखे आणखी आहेत हे कळलं. अनेकांची आयुष्यभराची मैत्री तिथे जुळली, लग्नंही जुळली. म्हणूनच तिथे शिरलेल्या शिकाऱ्यांचा राग जास्त येतो. त्यांनी फायदा घेतला तो नेमका याच भुकेचा.

कायद्याला आणि पालकांना मात्र त्या पडद्यामागे दुसरंच काही दिसत होतं. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेली तक्रार अश्लील संकेतस्थळांविषयी होती. न्यायालयाने समिती नेमली, आणि समितीने २००२ च्या सुरुवातीला शिफारशी केल्या. कॅफेत येणाऱ्याचं ओळखपत्र पाहावं, अल्पवयीन मुलांना केबिनमध्ये न बसवता सगळ्यांना दिसेल अशा उघड्या जागेतल्या संगणकावर बसवावं. सूचना चांगल्याच होत्या. पण सगळी काळजी मुलगा पडद्यावर काय बघतो याची होती. पडद्यापलीकडून त्याच्याकडे कोण बघतंय, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांना पडला. खरं तर त्याची चुणूक आधीच मिळाली होती. दिल्लीतल्या एका विवाहित स्त्रीला अचानक वेळी-अवेळी, अगदी परदेशांतूनही फोन येऊ लागले, कारण कुणीतरी तिच्या नावाने चॅटवर बोलत होता आणि तिचा घरचा नंबर वाटत होता. सायबर पाठलागाचं देशातलं पहिलं प्रकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. ओळख चोरण्याचं कलम तेव्हा कायद्यात नव्हतं. पोलिसांना भारतीय दंडविधानातल्या विनयभंगाच्या ५०९ कलमावर भागवावं लागलं.

मग २००४ मध्ये ऑर्कुट आलं. ब्राझील आणि भारत या दोन देशांनी त्याला जेवढं डोक्यावर घेतलं तेवढं कुणीच घेतलं नाही. सुरुवातीला कुणीतरी बोलावल्याशिवाय आत जाता येत नसे. त्यामुळे इथे सगळे ओळखीच्या ओळखीचे, असा एक समज घट्ट झाला. तुमची स्क्रॅपबुक कुणीही वाचू शकत असे. कुठल्या कॉलेजात आहात, संध्याकाळी कुठे भेटायचं ठरलंय, बाबांनी नवी गाडी घेतली, सगळं तिथे उघड्यावर. शिवाय मित्र तुम्हाला गुण द्यायचे. किती ‘कूल’ याला बर्फाचे तुकडे, आणि किती ‘ट्रस्टी’, म्हणजे विश्वासाचे, याला हसरे चेहरे. एखाद्या माणसावर किती भरवसा टाकावा याचं उत्तर मुलं त्या तीन पिवळ्या चेहऱ्यांवरून काढत होती.

२००७ च्या मे महिन्यात अंधेरीतल्या एका हॉटेलात एका तरुण संगणक अभियंतीचा खून झाला. आरोपीशी तिची ओळख ऑर्कुटवर झाल्याचं बातम्यांत आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंधेरीतल्याच एका सोळा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. दोन कोटींची खंडणी मागितली गेली, आणि दोनेक दिवसांत नवी मुंबईत त्याचा मृतदेह सापडला. मारेकरी ऑर्कुटवरचे मित्र, असं पोलिसांचं म्हणणं होतं. कित्येक दिवस वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. घरोघरी त्या आठवड्यात मुलांची खाती बंद करायला लावली गेली, घरची कनेक्शनं तोडली गेली.

पुढचं फारसं कुणाच्या लक्षात नाही. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्या मुलाच्या खुनाच्या खटल्यातल्या चारही आरोपींना निर्दोष सोडलं. त्या मुलाला कुणी मारलं, याचं उत्तर त्या निकालातून मिळालं नाही. ऑर्कुट दोषी, हा निकाल मात्र आपण सगळ्यांनी २००७ मध्येच देऊन टाकला होता. मला यातली घाई बोचते. यंत्राला दोष दिला की तपासातल्या उणिवा आणि घरातल्या गप्पपणाविषयी बोलायची गरज उरत नाही.

घरातला गप्पपणा म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या अलिशिया कोझाकिविचच्या अनुभवात दिसतं. पिट्सबर्गची ही मुलगी १३ वर्षांची होती. लाजाळू, मैत्रिणींपेक्षा चॅट रूममध्ये जास्त मोकळी. १ जानेवारी २००२ ला नववर्षाचं घरगुती जेवण चालू असताना ती टेबलावरून उठली आणि थंडीत बाहेर पडली. कित्येक महिने जो तिच्याशी बोलत होता तो रस्त्यावर भेटणार होता. त्या ३८ वर्षांच्या माणसाने तिला गाडीत घातलं आणि काही तासांवरच्या व्हर्जिनियातल्या आपल्या घरी नेऊन साखळीने बांधून ठेवलं. तिच्यावरचे अत्याचार त्याने इंटरनेटवरून दुसऱ्यांना दाखवले. फ्लोरिडातल्या एका बघणाऱ्याने बातम्यांतल्या हरवलेल्या मुलीशी तिचा चेहरा ताडून पाहिला आणि एफबीआयला फोन केला. इंटरनेट कंपन्यांच्या नोंदींवरून घराचा माग काढत तपास अधिकारी ४ जानेवारीला तिच्यापर्यंत पोचले. त्या माणसाला जवळजवळ वीस वर्षांची शिक्षा झाली.

मुलगी जिवंत परत आली, तर लोकांनी काय करावं? तिला आणि तिच्या आईवडिलांना दोष दिला. ती स्वतःच्या पायांनी गेली ना, मग! हेच केटी टारबॉक्सच्या वाट्याला आलं होतं. कनेक्टिकटमधली ही पोहणारी मुलगी एओएलच्या चॅटवर ‘मार्क’ला भेटली. तो २३ वर्षांचा असल्याचं सांगत होता, होता ४१ चा. १९९६ मध्ये पोहण्याच्या स्पर्धेसाठी ती टेक्सासला गेली असताना तो तिथल्या हॉटेलात येऊन थडकला. आई आणि प्रशिक्षक वेळेवर दाराशी पोचले म्हणून ती वाचली. घरी परतल्यावर गावाने आणि शाळेने तिच्याकडेच बोट दाखवलं. चार वर्षांनी तिने आपली कहाणी पुस्तकात लिहिली. प्रकाशकाने पुस्तकाला ‘केटी डॉट कॉम’ असं नाव दिलं, आणि तो पत्ता इंग्लंडमधल्या भलत्याच एका केटीच्या मालकीचा होता! जगभरातून छळ सोसलेल्या मुलींची पत्रं त्या बिचारीकडे जाऊ लागली. त्या मुलींना सांगायचं होतं. सांगायला जागा नव्हती म्हणून पुस्तकाच्या नावातला पत्ता दिसला, तिथे लिहिलं.

अलिशियाने घरात बसून राहायचं नाकारलं. चौदाव्या वर्षापासून ती शाळांतून स्वतःचा अनुभव सांगू लागली, २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे तिने साक्ष दिली, आणि मुलांवरचे ऑनलाइन गुन्हे शोधणाऱ्या पथकांना कायमचा निधी देणारा ‘अलिशियाचा कायदा’ अनेक राज्यांत झाला.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या जॅनिस वोलाक आणि डेव्हिड फिंकेलहोर यांनी अमेरिकाभरच्या पोलीस तपासांतून अशी १२९ प्रकरणं तपासली, ज्यांत मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची सुरुवात इंटरनेटवरच्या ओळखीतून झाली होती. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण किशोरवयीन आहोत असं भासवणारे गुन्हेगार त्यांत किती? फक्त ५ टक्के. बाकीचे मोठ्या वयाचे पुरुष आहोत हे लपवत नव्हते, आणि बहुतेकांनी लैंगिक हेतूही झाकून ठेवला नव्हता. बळी पडलेली बहुतांश मुलं १३ ते १५ वर्षांची. आणि प्रत्यक्ष भेट झालेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मुलं त्या माणसाला एकापेक्षा जास्त वेळा भेटायला गेली.

पहिल्यांदा वाचताना हे आकडे पटत नाहीत. कार्लीसारखी प्रकरणं आपल्या मनावर कोरली जातात, कारण त्यांत मुखवटा आहे, कपट आहे. पण बहुसंख्य मुलींना माहीत होतं की समोरचा मोठ्या वयाचा आहे. तरी त्या गेल्या, कारण त्यांतल्या अनेकींना आपण प्रेमात आहोत असं वाटत होतं. तो महिनोन्‌महिने ऐकत होता. आईशी झालेलं भांडण, मार्क कमी पडल्याची भीती, आरशात न आवडणारं नाक, यांतलं काहीच त्याला क्षुल्लक वाटत नव्हतं. हे तो जाणीवपूर्वक करत होता, प्रत्येक पायरी आधी ठरवून. तेरा वर्षांच्या मुलीने ते ओळखावं ही अपेक्षाच क्रूर आहे. अपराध संपूर्णपणे त्या मोठ्या माणसाचा, त्यात वाटेकरी कुणी नाही.

कंपन्यांना उपाय सुचला तो जागा बंद करण्याचा. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ मध्ये जगातल्या अनेक देशांतल्या आपल्या मोफत चॅट रूम बंद केल्या. २००५ मध्ये याहूने लोकांनी स्वतः उघडलेल्या चॅट रूम बंद केल्या, पण जाहिरातदार पाय काढून घेऊ लागले तेव्हा. एक आवार बंद झालं की मुलं दुसऱ्या आवारात जात, आणि त्यांच्या मागोमाग तीच माणसं. ऑर्कुटही ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. तोवर सगळी गर्दी फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर गेली होती.

कायदे उशिरा का होईना आले. ब्रिटनने २००३ च्या कायद्यात मुलाला जाळ्यात ओढून भेटायला जाणं हाच गुन्हा ठरवला. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाली. तोतयेगिरी करून फसवणं, दुसऱ्याची ओळख चोरणं, लैंगिक हेतूने मुलांना ऑनलाइन नात्यात ओढणं याला तीत शिक्षा आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा त्यापुढे गेला. ऑस्ट्रेलियात सोन्या रायनने दहा वर्षं सरकारचे उंबरठे झिजवले. आपल्या मुलीच्या खुन्याने आधी जे जे केलं, खोटं वय, खोटं नाव, भेटीची आखणी, त्या टप्प्यावरच पोलिसांना हात घालता आला पाहिजे, ही तिची मागणी. जून २०१७ मध्ये तिथल्या संसदेने ‘कार्लीचा कायदा’ मंजूर केला. मुलाला इजा करण्याच्या तयारीसाठी फोन किंवा इंटरनेट वापरणं हा आता तिथे स्वतंत्र गुन्हा आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला जपानमधल्या झामा शहरात एका छोट्या फ्लॅटमध्ये नऊ जणांच्या मृतदेहांचे अवशेष सापडले. १५ ते २६ वयाचे, आठ मुली आणि एक मुलगा. जगायचा कंटाळा आलाय असं ट्विटरवर लिहिणाऱ्यांना तिथे राहणारा खुनी शोधायचा आणि मी तुला समजू शकतो असं भासवून बोलवायचा. म्हणजे सीबी सिम्युलेटरच्या काळापासून साधनं किती बदलली, पण दार तेच. आज ते दार मुलांच्या गेममधल्या चॅटला आहे, इन्स्टाग्रामच्या मेसेजला आहे, आणि त्याला सायबर कॅफेचा पडदासुद्धा लागत नाही. ते खिशात असतं.

आपल्या घरांत काय होतं ते आपण जाणतो. मुलीने दबक्या आवाजात सांगायला सुरुवात केली, ‘आई, एक मुलगा आहे ऑनलाइन’, की पहिल्या वाक्यालाच फोन काढून घेतला जातो, दुसऱ्याला कॉलेज बंद करायची भाषा निघते, तिसऱ्याला लग्नाची. मुली म्हणूनच सांगत नाहीत. हे पलीकडच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, आणि ‘घरी कळलं तर काय होईल बघ’ ही त्याची धमकी तिथूनच येते. फोटो पाठवला गेला असेल तर मग विचारूच नका.

म्हणून या दिवाळीत, घरात सगळे एकत्र असताना, मुलांना एवढं शब्द देऊन सांगा: कुणीही काहीही मागितलं, कितीही पुढे गेलं असलं, तरी तू मला येऊन सांगितलंस तर मी तुझा फोन काढून घेणार नाही आणि तुला दोष देणार नाही. आणि दिलेला शब्द पाळा. प्रकरण घराबाहेर न्यायची वेळ आली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मूल स्वतःही त्यावर फोन करू शकतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते.